मुंबईत हिवाळी हीदर कुंडीत जगेल का?

बाल्कनीतली_बाग, मुलुंड
पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळी ४ तास ऊन येतं. एरिका कार्निया, म्हणजे थंडीत गुलाबी फुलणारा बुटका हीदर, लावायचा आहे. माती कशी घेऊ? पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

माती_आणि_मुळं, दादर
मुंबईत नका लावू. हे आल्प्सच्या डोंगरांतलं झुडूप. बर्फाखालीही त्याच्या कळ्या टिकतात. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीही साधारण १६-१७ अंशांच्या असतात. पण त्याला मारतो तो पावसाळा. मुळं केसासारखी बारीक आणि मातीच्या वरच्या थरातच असतात. जून ते सप्टेंबर माती उबदार आणि सतत ओली राहिली की फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू ती कुजवतो. वरून झाड तहानल्यासारखं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि ते जातं. माती आंबट करूनही उपयोग नाही. एरिका कार्निया थोडा चुना सोसतो, त्यामुळे अडचण सामूची, म्हणजे माती किती आंबट त्याची, नाहीच.

कुंडीकर, बोरिवली
त्याऐवजी कुफिया लावा. हीदरचा नातेवाईक नाही, मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा आहे. पण बारीक पानं आणि जांभळी, गुलाबी किंवा पांढरी इवली फुलं अगदी तशीच दिसतात. इथे जवळजवळ बारा महिने फुलतो. ८ इंची कुंडी घ्या. २ भाग लाल माती, १ भाग गांडूळखत, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग जाड वाळू. नुसती लाल माती पावसात घट्ट बसते, म्हणून वाळू वगळू नका. तळाचं भोक मोकळं हवं आणि पावसाळ्यात कुंडीखालची थाळी काढून ठेवा.
पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेंडे एक तृतीयांश छाटा. नवे फुटवे येतात आणि थंडीत झुडूप फुलांनी भरतं. न छाटलेलं झाड मधून उघडं पडतं.

बाल्कनीतली_बाग, मुलुंड
मग कुफियाच लावते. उन्हाळ्यात कुंडी लवकर सुकते, तेव्हा काय करू?

माती_आणि_मुळं, दादर
एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पाणी द्या आणि मातीवर नारळाच्या सोडणाचा इंचभर थर पसरा. कुफिया एकदा पूर्ण सुकला तर पानं झडतात. फांदी नखाने खरवडून आत हिरवी दिसली तर टाकून देऊ नका, शेंडे छाटून सावलीत ठेवा. फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा मिलीबग हा किडा दिसला तर १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.