मदत हवी आहे: जुन्या पीसीचं विंडोज लायसन्स नव्या पीसीवर कसं न्यायचं?
मंडळी, जुन्या पीसीचा मदरबोर्ड कायमचा गेला म्हणून नवीन पीसी असेंबल केला, विंडोज ११ प्रो टाकलं, पण आता उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसतंय सारखं. जुनी प्रॉडक्ट की रिटेल (वेगळी विकत घेतलेली) आहे, ओईएम (पीसीसोबतच आलेली, त्याच मशीनला बांधलेली) नाही, जुना पीसी चालू होता तेव्हाच कमांड देऊन बघितलं होतं, चॅनल रिटेल असंच आलेलं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर न्यायला हरकत नसावी ना? २५ अक्षरांची की असलेलं कार्डही जपून ठेवलंय, पण ती टाकली की दुसऱ्या डिव्हाइसवर वापरात आहे म्हणतं. जुन्यावर लोकल अकाउंट होतं (मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलेलं नव्हतं) त्यामुळे विंडोजच्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये तो जुना पीसी दिसतच नाही, आणि बोर्डच मेलाय तर तिथून की काढणार कशी? फोनवरून ॲक्टिव्हेशन कुणी केलंय का? प्लीज सांगा, स्वतःच्या पैशाने घेतलेलं लायसन्स आहे, क्रॅक अजिबात नकोय.