सरकारी संशोधन संस्थेत कंत्राटी प्रकल्पपदावर जावे का?

वाईकर

माझ्या भाचीने साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले असून पुण्यातील एका केंद्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्थेत तिची प्रकल्पावर तांत्रिक सहायक म्हणून निवड झाली आहे. घरात पेढे वाटून झाले; तिने जाऊ नये असे म्हणणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून माझी बाजू मांडतो.

मी स्वतः अशा संस्थेत प्रकल्पावर काम केले आहे. बाहेरच्याला वाटते की तिथली माणसे दिवसभर प्रयोग करत असतील. प्रत्यक्षात साधे रिएजंट (प्रयोगाचे रसायन) हवे असले तरी आधी मागणीपत्र भरायचे, मग ते जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचे, तिथे नसेल तर नसल्याचा अहवाल फाईलला जोडायचा, आणि मग ती फाईल लेखा विभागातून एखादी शंका घेऊन परत येण्याची वाट पाहायची. वर्षभर ‘निधी नाही’ ऐकायचे आणि मार्च उजाडला की ‘लगेच खर्च करा’! अशा घाईत मागवलेली, मुदत संपत आलेली किट आम्ही शीतकपाटात रचून ठेवली आहेत.

हेही सोसता येते. सोसवत नाही ती दुजाभावाची वागणूक. एकाच टेबलावर, एकाच रुग्णाचा नमुना हाताळणाऱ्या दोघांपैकी एकाला वेतनश्रेणी, रजा आणि घरभाडे मिळते, तर दुसरा दरवर्षी मुदतवाढीच्या पत्राकडे डोळे लावून बसतो. ते पत्र लांबले की पगारही लांबतो. प्रकल्प संपला की तिशी ओलांडलेला माणूस पुन्हा जाहिराती चाळू लागतो.

मिरजकर (निवृत्त)

वाईकरांनी फाईलींचे केलेले वर्णन तंतोतंत खरे आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ज्या कामाला गिऱ्हाईक नाही, ते काम कोणती खासगी कंपनी करील? पुण्याची विषाणू संस्था १९५२ मध्ये सुरू झाली आणि १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडे मरू लागली, तेव्हा जंगलात उतरून गोचिडी गोळा करणारी माणसे तिचीच होती. गोचिडींतून पसरणाऱ्या क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू त्यातून सापडला. आपल्याच जिल्ह्यांजवळचे उदाहरण हवे असेल, तर याच संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाह या घातक विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नसताना हे शोधत बसण्याची चैन सरकारी संस्थेलाच परवडते, आणि अशी चैन देशाला हवीच असते.

शिवाय तिथे हाताला जे वळण लागते, ते महाविद्यालयात लागत नाही. तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी हातमोज्यांच्या दोन जोड्या, अंगभर पोशाख आणि श्वसनसंरक्षक मुखपट्टी चढवायची. एकदा आत गेल्यावर तहान लागो की नाक खाजो, काम संपेपर्यंत हात तोंडाकडे न्यायचा नाही. बाहेर येताना हातमोजा असा उलटा काढायचा की त्याची बाहेरची बाजू कातडीला लागताच कामा नये. ही शिस्त अंगी मुरलेल्या मुलीला पुढे लस कंपनीही मानाने घेते. आणि नियमित नोकरीचे एवढे कौतुकही नको: २००४ पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, हे वाईकरांना ठाऊक असेलच.

वाईकर

मिरजकर, कामाच्या मोलाबद्दल आपला वाद नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या संपर्कातून करोनाचे वीसहून अधिक रुग्ण निघाले, तेव्हा सारा सांगली जिल्हा तपासणीच्या अहवालांकडे डोळे लावून बसला होता. त्या काळात राज्यभरच्या प्रयोगशाळांमध्ये रात्रपाळ्या करणाऱ्यांत कंत्राटी मुले किती होती, हे आपण आतून पाहिले असेल. साथ ओसरल्यावर त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती अनुभवाचा दाखला तेवढा राहिला. देशाला काम हवे असेल, तर देशाने पद मंजूर करावे. माझ्या भाचीच्या उमेदीवर ती उधारी का?

तासगावकर

मी सध्या अशाच एका संस्थेत पीएच.डी. करते आहे. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिछात्रवृत्ती घेतली, तर जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ स्तरावर दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ स्तरावर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडे. शेवटी पदवीही हाती येते. प्रकल्पपदावर राबणाऱ्याचे नाव शोधनिबंधात येईलच असे नाही. तेव्हा कंत्राटी पदाविषयी वाईकरांचे म्हणणे मला पटते.

खरेदीबाबत मात्र त्यांचा अनुभव जुना असावा. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांसाठी वित्तीय नियम सैल झाले असून दरपत्रकांशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आहे. लेखा विभागाचा स्वभाव आदेशाने बदलत नाही, हे खरे. पण लहान वस्तूंसाठी आमचे अडणे कमी झाले आहे. छात्रवृत्ती मात्र अजूनही वेळेवर येत नाही. एकदा ती रखडली असतानाच रात्री उणे ८० अंशांच्या फ्रीझरची घंटा वाजली आणि आम्हीच ड्राय आईस घेऊन नमुने वाचवत बसलो. तक्रार करायलाही उसंत नव्हती, आणि खरे सांगायचे तर ते काम आवडलेही.

सांगलीकर (पालक)

आमचा मुलगा दोन वर्षे प्रकल्पावर होता. पुण्यातली खोली आणि खानावळ भागवून काही शिल्लक पडत नसे. पाठवताना बापाने एवढा हिशेब जरूर करावा.

मिरजकर (निवृत्त)

वाईकर, पद मंजूर करून घेण्याची लढाई रास्तच आहे, पण तिच्या निकालापर्यंत मुलीने घरी बसायचे का? तिने प्रमुख संशोधकाला एकच विचारावे की प्रकल्पाची किती मुदत उरली आहे. सुरुवातीलाच रुजू झाली, तर नेटची तयारी करत दोन-तीन वर्षे निभावतील. शेवटचे वर्ष उरले असेल, तर मीही जाऊ नको म्हणेन.

वाईकर

नेमणूकपत्र समोर ठेवूनच लिहितो आहे. त्यात ‘एक वर्षासाठी अथवा प्रकल्प संपेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत’ असे लिहिले आहे. प्रकल्प कधी संपतो, ते कुठेही लिहिलेले नाही. आपण म्हणता तसे विचारायला सोमवारी तिला फोन करायला सांगतो. उत्तर लेखी मिळाले नाही, तर माझा विरोध कायम राहील.