वय १९, साताऱ्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडी मिळेल का?

प्रश्न: लायसन्स आठ महिन्यांचं आहे. कासला जायचंय, चौघं आहोत.

उत्तर १: अवघड आहे भावा. लायसन्स १८ ला मिळतं, पण भाड्याने देणारे बहुतेक जण २१ वय मागतात. कुणी पांढऱ्या नंबर पाटीची, म्हणजे खाजगी, गाडी स्वस्तात देत असेल तर घेऊ नकोस. सेल्फ-ड्राइव्हची पाटी काळी, अक्षरं पिवळी. खाजगी गाडी भाड्याने वापरली म्हणून विमा कंपनी दावा फेटाळू शकते.

उत्तर २: मोठ्या भावाच्या नावावर घेतलीस तर चालवायचीही त्यानंच. ताबा घेताना व्हिडिओ काढा: बंपरची खालची कड, रिम, किलोमीटर, इंधनाचा काटा. डिपॉझिट याच गोष्टींवरून कापतात. यवतेश्वर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबून धरला की तापतो, पकड जाते.

प्रश्नकर्ता: मग दादालाच पटवतो.