पडद्याच्या ऑपरेशनमधलं 'हेवी लिक्विड' सुरक्षित असतं का?

सोलापूरची लेक: बाबांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकलाय. ऑपरेशन परवा. डॉक्टर म्हणाले, हेवी लिक्विड घालून पडदा बसवू, मग ते काढून सिलिकॉन ऑइल भरू. स्पेनमध्ये अशाच लिक्विडने लोकांची नजर गेल्याचं वाचलं. पुढे ढकलू का?

नेत्र ओटी सिस्टर (निवृत्त): नका ढकलू, ताई. सरकलेला पडदा वाट बघत नाही. मधला भाग अजून चिकटलेला असेल तर एकेक दिवस मोलाचा.

वाचलंत ते खरं आहे. २०१५ मध्ये स्पेनमध्ये 'अला ऑक्टा' नावाच्या जर्मन बनावटीच्या हेवी लिक्विडमुळे (रासायनिक नाव परफ्लुरो-ऑक्टेन) शंभरावर रुग्णांची दृष्टी गेली. ते फक्त ऑपरेशनपुरतं आत होतं, तरी. मला आजही त्याचा राग येतो, कारण माल तपासणीत पास झाला होता. हे द्रव पाण्यात मिसळत नाही आणि चाचणी मात्र पाण्यात उतरलेल्या अंशाची होत होती. भेसळ द्रवातच राहिली! मग स्पेनमधल्याच वायादोलिद शहरातल्या संशोधकांनी द्रव थेट पेशींवर ठेवून तपासायची पद्धत मांडली.

म्हणून सगळं हेवी लिक्विड वाईट ठरत नाही. ते पाण्याच्या पावणेदोन पट जड असतं, पडदा दाबून बसवतं, मागचं पाणी छिद्रातून बाहेर ढकलतं. अवघड केसमध्ये त्याचा आधार फार मोठा. तुम्ही एवढंच करा: कंपनीचं नाव विचारा आणि बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर लावायला सांगा. तेलाचंसुद्धा. पुढे एखादी बॅच परत मागवली, तर शोधणार कशावरून?

नाशिककर: माझ्या डोळ्यात तेल होतं. चष्म्याचा नंबर पार बदलला, पण दिसत होतं. काढायची तारीख मात्र चुकवू नका.

नेत्र ओटी सिस्टर (निवृत्त): अगदी बरोबर. तेल बहुधा तीन ते सहा महिन्यांत काढतात. जास्त राहिलं तर त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्याचं प्रेशर वाढतं, काचबिंदू होऊ शकतो. बरं वाटतंय म्हणून लोक येतच नाहीत, फार जीव तुटतो तेव्हा.

सोलापूरची लेक: तेल असताना विमानप्रवास? भाऊ दिल्लीला असतो.

नेत्र ओटी सिस्टर (निवृत्त): तेल असेल तर डॉक्टरांना विचारून चालतो. ऐनवेळी तेलाऐवजी गॅस भरला तर तो विरेपर्यंत अजिबात नाही, उंचावर गॅस फुगतो. आणि गॅस असताना दुसरं काही ऑपरेशन निघालं, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू तेव्हा चालत नाही.