मदत हवी आहे: लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला जातो, पण नेट चालत नाही

नमस्कार मंडळी,

एरवी पुण्यात राहते, सध्या माहेरी, राजापूर तालुक्यात आहे. पावसाच्या आधी महिनाभर इथूनच काम करायचा बेत होता, पण हॉटस्पॉटने पार वात आणलाय.

फोन अँड्रॉइड ९, लॅपटॉप स्वतःचा, विंडोज १०. हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉपवर नाव दिसतं, पासवर्ड घेतो, वायफायच्या रेघाही पूर्ण. आणि खाली 'नो इंटरनेट'. त्याच हॉटस्पॉटवर आईचा फोन जोडला तर तिचं यूट्यूबवरचं कीर्तन न अडखळता चालतं. म्हणजे रेंजही आहे आणि डेटाही आहे.

यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे केबलने फोन लॅपटॉपला जोडला, तर नेट लगेच सुरू. 'मग केबलच वापरा की' असं कृपया म्हणू नका. इथे रेंज येते ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत, तीही फोन गजाला टेकवून उभा केला तर. दुपारी कौलांखाली माळ्यावर बसवत नाही आणि ओटीपर्यंत केबल पोचत नाही.

करून झालेलं: दोन्ही रीस्टार्ट, नेटवर्क फर्गेट करून पुन्हा जोडणं, हॉटस्पॉटचं नाव-पासवर्ड बदलणं, थोडा वेळ अँटिव्हायरस बंद. फोनवर डेटा सेव्हर बंद आहे, व्हीपीएन नाही. लॅपटॉपवर 'नेटवर्क रीसेट' दिसतंय, ते दाबू का?

– ओटीवरून

खटपट्या: बँड (वायफायची फ्रिक्वेन्सी) बघा आधी. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गीगाहर्ट्झ असेल तर २.४ करा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांना ५ चालत नाही. आयफोन असेल तर तिथे 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करायचं.

तारमास्तर: खटपट्या, बँडचं लफडं असतं तर लॅपटॉपला नावच दिसलं नसतं. इथे नाव दिसतंय, पासवर्ड घेतोय, म्हणजे वायफायने आपलं काम केलं. गोची त्याच्या पुढे आहे.

ताई, केबलने चालतं हे सांगितलंत ते फार बरं केलंत. केबल लावली की विंडोज त्या फोनला वेगळं नेटवर्क कार्ड समजतं आणि त्याच्या सेटिंगही वेगळ्या असतात. त्यामुळे माझा संशय लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या सेटिंगवर आहे. रीसेटने बहुतेक सुटेल, पण तो सगळंच पुसतो, म्हणून शेवटी ठेवू.

हॉटस्पॉटला जोडलेलं असताना सीएमडी (विंडोजची काळी कमांड विंडो) उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर मारा. वायफायखालचे 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (लॅपटॉपचा नेटवर्कमधला पत्ता) आणि 'डीफॉल्ट गेटवे' (नेटवर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) इथे टाका. आईंच्या फोनवरचेही तेच दोन आकडे हवेत, वायफायच्या नावावर टिचकी मारली की दिसतील. हे घरातल्या घरातले आकडे आहेत, उघड लिहायला हरकत नाही.

ओटीवरून: लॅपटॉप: १९२.१६८.१.५०, गेटवे १९२.१६८.१.१
आईचा फोन: १९२.१६८.४३.११७, गेटवे १९२.१६८.४३.१

तारमास्तर: सापडलं! तुमचा लॅपटॉप अजून पुण्यातच आहे.

हॉटस्पॉट चालू असताना तुमचा फोनच राउटर असतो. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो आपल्या ओळीतला पत्ता देतो, इथे १९२.१६८.४३ वाला. आईंच्या फोनने तो मुकाट घेतला. लॅपटॉपला मात्र कुणीतरी पत्ता हाताने भरून ठेवलाय, त्यामुळे तो फोनकडे पत्ता मागतच नाही आणि १९२.१६८.१.१ या गेटवेला शोधत बसतो. तो गेटवे तुमच्या घरच्या राउटरचा, माळ्यावर कुठून सापडणार? (पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा असता, तर मागूनही मिळाला नाही असा अर्थ. ते वेगळं दुखणं.)

कंट्रोल पॅनलमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा. वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वर डबल क्लिक. आत भरलेल्या आकड्यांचा आधी फोटो काढून ठेवा. मग 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा आणि खाली डीएनएसलाही (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ऑटोमॅटिकच. ओके करून हॉटस्पॉट पुन्हा जोडा.

ओटीवरून: चाललं!! ओटीवर बसून लिहितेय. मागे घरी नेट सारखं तुटायचं म्हणून केबलवाल्यांचा माणूस आला होता, त्याने काहीतरी आकडे भरले होते. त्यानंतर लॅपटॉप घराबाहेर न्यायची वेळच आली नाही.

आता पुण्याला गेल्यावर तिथलं बंद पडेल का? आणि जेवायला उठले की हॉटस्पॉट आपोआप बंद होतो, मग परत माळ्यावर चढा.

तारमास्तर: घरी बहुधा ऑटोमॅटिकवरच चालेल. नाहीच चाललं तर आकडे पुन्हा तिथेच भरू नका, नाहीतर पुढच्या खेपेला हाच धागा वर काढावा लागेल. सेटिंग्जमध्ये वायफाय, 'मॅनेज नोन नेटवर्क्स', तिथे घरचं नाव निवडून आयपी सेटिंग 'मॅन्युअल' करा. ते फक्त त्या एका नेटवर्कपुरतं राहतं.

खटपट्या: लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉटवर कुणीच उरत नाही, मग थोड्या वेळाने फोन तो बंद करतो. हॉटस्पॉटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'टर्न ऑफ ऑटोमॅटिकली' असेल ते काढा. बॅटरी जास्त खाईल, चार्जर लावून ठेवा, पण उन्हात नको.

शिवाय लॅपटॉपवर हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे डेटा मोजका आहे, जपून वापर) करून टाका. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर विंडोजचा एक अपडेट सकाळीच फस्त करेल.

ओटीवरून: दीड जीबीचाच आहे. केलं मीटर्ड. दोघांचेही आभार!