कोडियाकला 'बस' म्हणणाऱ्यांसाठी: सात सीट की क्यू3 स्पोर्टबॅक?

मागची_सीट (धागाकर्ता)
दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलंय: "पन्नास लाख हातात असतील तर ऑडी क्यू3 स्पोर्टबॅक घ्या. स्कोडा कोडियाक म्हणजे गाडी चालवायची हौस मेलेल्यांची बस." याला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

या दोन्ही गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरच्या एकाच कारखान्यात होते. इंजिन एकाच घराण्यातलं, 2.0 लिटर टर्बो पेट्रोल. सात गिअरचा ड्युअल क्लच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आणि चारही चाकांना ताकद दोन्हीकडे. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, दोघींचा 320 एनएम. पॉवर क्यू3ची 190 पीएस आणि 'बस'ची 204. मग हौस नक्की कुणाची मेली?

जागेचं बोलायचं तर सात सीटची कोडियाक 4758 मिमी लांब आहे आणि पाच सीटची क्यू3 साधारण साडेचार मीटर. व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात) दहा सेंटिमीटरहून जास्त फरक आहे आणि तो दुसऱ्या रांगेतल्या गुडघ्यांना मिळतो. तिसरी रांग पाडली की डिकी 786 लिटर, क्यू3ची 530. घरात चाइल्ड सीट, आजी-आजोबा आणि गावाकडची पोती-पिशव्या असतील तर यात वाद कसला?

टॉर्कवाला
ते 'बस' मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. पीएसचे आकडे तोंडावर फेकून काय होणार? 320 एनएमला जेवढं जास्त वजन ओढायचं तेवढी ओढ कमी लागते. कोडियाक उंचही आहे आणि जडही. आंबोलीच्या वळणांत एकापाठोपाठ उजवं-डावं आलं की वरचं अंग आधी एका बाजूला झुकतं, मग सावरतं. मागे बसणाऱ्याला उलटी होते ती याच झोक्याने. म्हणजे घट्ट गाडी ही कुटुंबाचीही गरज आहे.

आणि सात सीटचं सत्यही सांगा की. सातही माणसं बसवली तर डिकी उरते 281 लिटर. दोन केबिन बॅगा आणि एक डबा. बाकीचं सामान कुठे, मांडीवर? तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खांबाटकीपर्यंत जेमतेम टिकतो. क्यू3मध्ये मागची बैठक पुढे-मागे सरकते, गरजेप्रमाणे जागा वाटून घेता येते.

मागची_सीट
तिसरी रांग मुलांसाठी आहे, हे कोण नाकारतंय? उलट त्यातली खरी अडचण तुम्ही सांगितलीच नाही. दुसऱ्या रांगेच्या कडेच्या सीटवर आयसोफिक्सची (गाडीच्या सीटमधल्या कड्यांत अडकवायची) चाइल्ड सीट बसवली की ती सीट वाकवून मागे जाता येत नाही. म्हणून चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावायची आणि फूटपाथकडची बाजू येण्याजाण्याला मोकळी ठेवायची. तिसऱ्या रांगेतलं मूल बूस्टर (उंची वाढवणारी बैठक) आणि साध्या पट्ट्याच्या वयाचं हवं. छतावर पेटी लावणार असाल तर पेटी आणि आडव्या दांड्या यांचं वजनही छताच्या मर्यादेत धरावं लागतं. लोक फक्त सामान मोजतात.

पावती_पुस्तक
दोघंही कराचा विषय टाळताय. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स, तोही जीएसटी धरलेल्या एक्स-शोरूम किमतीवर. करावर कर! 45 लाखांच्या गाडीला 5 लाख 85 हजार. विक्रेता सांगतो "कंपनीच्या नावावर घ्या, वाचतील". तिथे दर 20 टक्के, म्हणजे 9 लाख. वर 13 माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला कर पुढच्या करातून वळता करणं) बहुतेक धंद्यांना मिळतच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्क्यांचा बोजा 40 वर आला, तेवढाच दिलासा. हा राग कुणावर काढायचा ते सांगा.

टॉर्कवाला
कराचा वेगळा धागा काढा. मुद्द्यावर येतो: क्यू3ला 255/40 आर20 (20 इंची रिम, कमी उंचीचा टायर) चाकं टाकली की गाडी रुळावर चालल्यासारखी चालते. ते सुख कोडियाकमध्ये नाही.

पाना_पक्कड
थांबा, हे वाचून कुणी खरंच 20 इंची चाकं टाकेल. आधी हिशेब बघा.

मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. 235/55 आर18 टायरची भिंत 129 मिमी, 255/40 आर20ची 102. पूर्ण व्यास 716 आणि 712 मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा बिघडत नाही आणि दुकानदार तेवढंच दाखवतो. पण 27 मिमी हवेची गादी गेली. खड्ड्याची धार बसली की भिंतीतले धागे तुटतात आणि फुगा येतो. फुग्याला पॅच नसतो, टायर फेकायचा. रिम वाकते ते वेगळंच.

दुसरं लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 97 म्हणजे 730. मापात बसला म्हणून 97 चा टायर घातला तर भरल्या गाडीत दर टायरमागे 70 किलोची सवड जाते. चाकं बदलल्यावर विमा पॉलिसीवर नोंद हवी, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

टॉर्कवाला
चांगल्या कंपनीचा एक्सएल (जास्त वजन पेलणारा) टायर घेतला की झालं. समृद्धीवर टायर फुटतात ते काँक्रीटमुळे. नायट्रोजन भरा.

पाना_पक्कड
हे साफ चूक आहे आणि असल्याच समजुतीने माणसं जिवाला मुकतात. टायर फुटतो तो बहुतेक कमी हवेने. हवा कमी असली की भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते. 120 ने तासभर चालवल्यावर ती आतून तापते आणि थर सुटतात. आपली हवासुद्धा 78 टक्के नायट्रोजनच आहे. दाब कमी असेल तर शुद्ध नायट्रोजन काही वाचवत नाही. एक्सएलला पूर्ण वजन पेलायला दाबही जास्त लागतो, तो जुन्या आकड्यावर भरला तर उपयोग शून्य.

काय करायचं ते लिहितो. दाब सकाळी थंड टायरवर मोजा, पंपापर्यंत वीस किलोमीटर जाऊन नाही. स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या खांबावर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. सात माणसं बसणार असतील तर भरल्या गाडीचा आकडा घ्या, मागच्या चाकांत फरक जास्त असतो. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 3224 म्हणजे 2024 चा 32 वा आठवडा. डिलिव्हरीआधी डिकीचा तळ उचलून स्टेपनी पूर्ण मापाची आहे की बारीक ते बघा. बारीक असेल तर वेग 80 च्या खालीच.

मागची_सीट
टॉर्कवाला, आता बोला.

टॉर्कवाला
बरं. 20 इंची चाकांचा सल्ला मागे घेतो, नायट्रोजनचाही. 'बस' मात्र नाही. चौघांच्या घराने तिसरी रांग वर्षभर पाडून फिरवण्यात अर्थ नाही.

पाना_पक्कड
चौघांच्या घराला क्यू3 पुरते, यात मीही तुमच्या बाजूने. मग 18 इंचीच ठेवा. आणि कुठलीही घेतलीत तरी वॉरंटी संपायच्या आत कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी थंड इंजिनवर महिन्याला बघा. या इंजिन घराण्यात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर झिरपतं. खाली थेंब दिसत नाही, गरम भागावर वाळून गुलाबी डाग उरतो. पातळी उतरत असेल तर नुसतं पाणी ओतू नका, दाब लावून गळती तपासून घ्या.