संध्याकाळच्या ऑनलाइन गायनवर्गात आवाज उशिरा पोहोचतो: केबल इंटरनेटवरील विलंब कसा कमी करावा?

स्वरमंडळ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. माझी आई घरी गाणे शिकवते आणि हल्ली तिचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी ऑनलाइन शिकतात. कोणी नाशिकला आहे, कोणी सिंगापूरला. इंटरनेट केबलचे आहे, म्हणजे टीव्हीची असते तशीच जाड वायर गच्चीवरून घरात येते, ती मोडेमला जोडलेली आहे आणि मोडेमच्या पुढे वाय-फाय राउटर आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा असून अपलोडचा वेग ५ एमबीपीएस आहे. स्पीड टेस्ट केव्हाही केली तरी डाउनलोड ९० च्या पुढेच दिसते, त्यामुळे तक्रार नोंदवली की 'वेग पूर्ण मिळतो आहे, आमच्याकडून काही दोष नाही' एवढेच उत्तर मिळते.

अडचण वेगाची नसून विलंबाची आहे. सकाळचे वर्ग नीट होतात. संध्याकाळी सातनंतर मात्र आईने एखादी आलापी म्हणून दाखवली की समोरचा प्रतिसाद इतक्या उशिरा येतो, की त्याला ऐकूच गेले नसावे असे समजून ती पुन्हा गाऊ लागते आणि तेवढ्यात त्याचा आवाज येऊन दोघांचे सूर एकमेकांवर आदळतात. कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग लावून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून पाहिले. सकाळी १० ते १५ मिलिसेकंद दिसतात. संध्याकाळी आकडा ४०० च्या वर जातो आणि अधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तर आलेच नाही, अशी ओळ येते.

कंपनीचा प्रतिनिधी २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या असे सुचवतो आहे. त्याने हा प्रश्न सुटेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. शिकवणी हे आईचे उत्पन्नाचे साधन तर आहेच, पण मुलांचा सूर नीट ऐकू येत नाही याचा तिला होणारा त्रास मला अधिक खुपतो.

नळस्टॉप

प्लॅन बदलण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एका सेकंदात किती माहिती जाते तो वेग, आणि माहितीचा एक छोटा तुकडा, म्हणजे पाकीट, जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो तो विलंब. पहिला वाढवला म्हणून दुसरा आपोआप कमी होत नाही. त्यातही २०० च्या प्लॅनमध्ये अपलोड ५ चाच राहणार असेल, तर तुमच्या तक्रारीत काहीच फरक पडणार नाही. प्रतिनिधीला पहिला प्रश्न तोच विचारा.

विलंब नेमका कोणत्या टप्प्यावर होतो ते आधी शोधायला हवे. लॅपटॉप वाय-फायवरून काढून लॅन केबलने थेट राउटरला जोडा, कारण पेठांमधल्या दाट वस्तीत वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर शेजारच्या इतक्या राउटरांची गर्दी असते, की निम्मा दोष तिथेच निघू शकतो. मग तीन खिडक्या उघडून तीन ठिकाणी एकाच वेळी पिंग लावा: एक तुमच्या राउटरला, दुसरे ट्रेसर्टमध्ये (पाकीट कोणकोणत्या पत्त्यांवरून जाते ते दाखवणारी आज्ञा) राउटरनंतर दिसणाऱ्या कंपनीच्या पहिल्या पत्त्याला आणि तिसरे ८.८.८.८ ला. राउटरचे उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आले आणि पुढच्या पत्त्यापासून आकडा फुगत असेल, तर दोष मोडेम आणि केबलच्या टप्प्यात आहे. पहिले दोन्ही आकडे शांत असून तिसराच वाढत असेल, तर तो कंपनीच्या पुढच्या जाळ्यातला प्रश्न आहे.

ट्रेसर्ट वाचताना एक पथ्य पाळावे. मधल्याच एखाद्या ओळीत मोठा आकडा दिसला आणि त्याखालच्या ओळी पुन्हा ठीक असल्या, तर त्याकडे दुर्लक्ष करा. अनेक मोठे राउटर पुढची वाहतूक विनाअडथळा पाठवतात आणि पिंगला उत्तर देण्याचे काम मात्र सवडीने करतात.

अंतराचा हिशेबही लक्षात असू द्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे पुणे-मुंबई जाऊन येण्याला दीड-दोन मिलिसेकंद पुरतात. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर असल्याने तिथला विद्यार्थी ४० मिलिसेकंदांच्या आत कधीच येणार नाही, आणि प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा असल्याने आकडा त्याहून बराच मोठा असेल. ४०० मात्र अंतराने होत नाहीत.

स्वरमंडळ

आपले मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे लॅन केबल लावून पाहिले. राउटरचा आकडा एकच्या आसपास स्थिर आहे. कंपनीचा पहिला पत्ता आणि ८.८.८.८ हे दोन्ही एकदमच वाढतात. संध्याकाळी घरातील सगळ्यांचे फोन वाय-फायवर येतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढू लागतात, हेही ध्यानात आले. ते थांबवल्यावर आकडा वीसच्या आत उतरला. तरीही 'टाइम्ड आउट'च्या ओळी पूर्णपणे गेलेल्या नाहीत आणि पाऊस पडून गेला की त्या वाढतात.

रांगशिस्त

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकाच वेळी आहेत. फोटो थांबवल्याबरोबर जो भाग गेला, त्याला बफरब्लोट म्हणतात आणि त्यावरचा उपाय संपूर्णपणे तुमच्या हातात आहे.

मोडेममध्ये बाहेर जाणारी पाकिटे साठवण्यासाठी एक रांग असते. समजा तिची क्षमता २५६ किलोबाइट आहे, म्हणजे सुमारे २१ लाख बिट. ५ एमबीपीएसने ती रिकामी व्हायला ०.४ सेकंद लागतो. फोनने फोटो ढकलून ही रांग भरली, की आईच्या आवाजाचे इवलेसे पाकीट तिच्या शेपटाशी उभे राहते आणि ४०० मिलिसेकंद तिथेच जातात. तुमचा आकडा नेमका याच घरातला आहे. पाकीट हरवू नये या हेतूने उपकरणे बनवणाऱ्यांनी साठा मोठा ठेवला, आणि साठा वेळीच भरून वाहत नसल्याने पाठवणाऱ्या यंत्राला आपण घाई करतो आहोत याची जाणीवच होत नाही. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास घरच्या केबल जोडणीवरच याचा माग काढला. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. ती रांगेची लांबी न मोजता पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते मोजते आणि थांबणे लांबले की एखादे पाकीट मुद्दाम टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावध करते.

प्रत्यक्षात असे करावे. ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली चालते असा राउटर घेऊन त्यात एसक्यूएम, म्हणजे रांग आवरण्याची सोय, सुरू करा, तिच्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग लावण्याची पद्धत निवडा, अपलोडची मर्यादा ४,५०० केबीपीएस आणि डाउनलोडची ८५,००० केबीपीएस ठेवा. मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली असलीच पाहिजे, कारण त्यामुळेच रांग मोडेमात न साचता राउटरात येते आणि राउटर तिला शिस्त लावू शकतो. वेगातला दहावा हिस्सा सोडावा लागतो. शिकवणीसाठी हा सौदा मी डोळे झाकून करीन. मग मोठी फाइल वर चढवत असतानाच पिंग पाहा आणि आकडा तीस-चाळीसच्या वर गेला, तर अपलोडची मर्यादा आणखी थोडी उतरवा.

मोडेम डॉक्सिस या केबल इंटरनेटच्या मानकाच्या ३.१ आवृत्तीचा असेल तर रांग आवरण्याची सोय त्या मानकातच आहे, ३.० च्या जुन्या मोडेमवर तिचा भरवसा धरू नये. नवा राउटर येईपर्यंत फोनमधला फोटोंचा बॅकअप रात्री उशिराच्या वेळेवर टाका, आणि घरात इंटरनेटवरचा कॅमेरा असेल तर त्याचे रिझोल्यूशन उतरवा, कारण तो दिवसभर अपलोड खात असतो.

वायरजोड

केबल लाइनच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून पावसाच्या मुद्द्यावर लिहितो. मोडेमला जोडलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बहुतेक केबल मोडेमांचे सिग्नलचे पान तिथे उघडते. डाउनस्ट्रीम पॉवर (तुमच्याकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही यांच्या दरम्यान आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ डीबीच्या वर असावा. अपस्ट्रीम पॉवर (मोडेम बाहेर पाठवतो त्या सिग्नलची ताकद) ५० डीबीएमव्हीच्या जवळ किंवा पुढे असेल तर मोडेमला ओरडून बोलावे लागते आहे, म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल गळतो आहे असे समजावे. लॉगमध्ये टी३ टाइमआउट वारंवार दिसले तर मोडेमची हाक पलीकडे पोहोचत नाही किंवा तिकडचे उत्तर परत येत नाही. तुमच्या 'टाइम्ड आउट'च्या ओळींशी हे जुळते.

सर्वांत आधी गच्चीवरून येणारी वायर आणि तिचे कनेक्टर पाहा. आवरण उन्हाने तडकले की पावसाचे पाणी आतल्या जाळीतून झिरपत थेट कनेक्टरपर्यंत येते. कनेक्टर उघडल्यावर जाळी काळवंडलेली किंवा मधल्या तारेवर हिरवट थर दिसला, तर पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नाही. तेवढा तुकडा कापून दाबून बसवलेला नवा कनेक्टर लावून घ्यावा. वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. टीव्हीसाठी स्प्लिटर लावला असेल तर दोन तोंडांचा साधा स्प्लिटरही साडेतीन डीबीच्या आसपास सिग्नल खातो, म्हणून मोडेमला शक्यतो त्याच्या आधीची सरळ वायर मिळावी. गच्चीवरच्या अॅम्प्लिफायरला मात्र हात लावू नका, त्यात वीजप्रवाह असतो.

सगळे घरात ठीक निघाले, तरी दोष राहू शकतो. एका नोडवरची, म्हणजे कंपनीच्या परिसरातल्या एकाच जोडणीकेंद्रावरची, सगळी घरे अपलोडसाठी तीच वारंवारता वाटून घेतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या ढिल्या कनेक्टरमधून शिरलेला गोंगाट तुमच्याही वाटेवर येतो. तो शोधणे कंपनीचेच काम आहे. तक्रारीत 'नेट स्लो आहे' असे लिहू नका. अपस्ट्रीम पॉवर, टी३ ची संख्या, पिंगचे वेळेसह आकडे आणि त्या पानाचे छायाचित्र जोडा, तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या, आणि समाधान झाले नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला नेमावे लागणाऱ्या अपील प्राधिकरणाकडे जा. आकडे समोर ठेवले की 'वेग पूर्ण आहे' हे उत्तर पुरत नाही.

मंद्रसप्तक

मीही ऑनलाइन गाणे शिकवते, म्हणून थोडी भर घालते. आई ब्लूटूथचे हेडफोन वापरत असतील तर ते आधी बाजूला ठेवावेत, कारण नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज रेंगाळतो आणि तो विलंब पिंगमध्ये दिसतही नाही. वायरचे साधे हेडफोन पुरतात. झूम असेल तर संगीतासाठीचा 'ओरिजिनल साउंड' सुरू करावा; एरवी ते अॅप तंबोऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून दाबते.

एकत्र गाण्याचा आग्रह मात्र धरू नये. एका बाजूचा विलंब पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघांना लय सांभाळणे जड जाते, आणि व्हिडिओ कॉलचे अॅप स्वतःच त्याहून अधिक वेळ घेते. लाइन कितीही सुधारली तरी एवढे उरतेच. मी विद्यार्थ्यांना तंबोरा आणि ठेका त्यांच्याच बाजूला लावायला सांगते, माझ्याकडचा बंद ठेवते, आणि मी म्हटलेला तुकडा त्यांनी एक आवर्तन सोडून म्हणावा असा नियम केला आहे. नाशिकच्या विद्यार्थ्यांनाही तोच नियम लावला तर आईंना कोणासाठी किती थांबायचे याचा वेगळा विचार करावा लागणार नाही.